फोटोत सगळ्या एकसारख्या

"पांढरा तर नकोच," ग्लेनिस म्हणाली आणि केझियाच्या हनुवटीखाली धरलेलं कापड तिने शेरलच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "पांढऱ्यात ती फारच... म्हणजे, उठून दिसते."

मी खाली गुडघ्यांवर बसून नमुन्याच्या झग्याचा घेर टाचत होते. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं झालं. लग्नात नवरी उठून दिसते, ही होणाऱ्या सासूची तक्रार इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेरल आमच्या दुकानाची मालकीण. आमच्या मकाय गावात लग्नाचा झगा घ्यायचा तर बहुतेक पोरी तिच्याकडेच येतात. झग्याच्या आधी ती रंग बघते. नवरीला आरशासमोर उंच स्टुलावर बसवायचं, लिपस्टिक पुसायला लावायची आणि हनुवटीखाली एकेक कापड धरायचं. शुभ्र पांढरं, मोतिया, सायीच्या रंगाचं, गुलाबी झाक असलेलं. मग मनगट उलटं करून शिरा बघायच्या. शिरा निळ्या दिसल्या तर कातडीची झाक थंड, हिरव्या दिसल्या तर उबदार. एवढं झालं की काय शोभेल आणि काय नाही ते ती अशा थाटात सांगते, की जणू डॉक्टरने औषध लिहून द्यावं.

केझियाचं मनगट तिने उजेडात नेलं, उलटंपालटं केलं. "तुझ्या शिरा काही सापडत नाहीत ग," ती हसून म्हणाली. ग्लेनिस हसली. केझियाही हसली, आणि तेच मला आवडलं नाही.

"तसं बघायला गेलं तर," शेरल म्हणाली, "हिच्यासारख्या रंगाला शुभ्र पांढराच सगळ्यात..."

"ते मला माहीत आहे ग. पण फोटोचं काय?" ग्लेनिसने पर्स मांडीवरून खाली ठेवली. "टेगन आणि ब्रॉन्टे करवल्या. दोघी कशा आहेत बघितलंस ना, नुसत्या दुधासारख्या. मधे ही, त्यात पांढरा ड्रेस. फोटोवाला म्हणतो, उजेड जमवताना पंचाईत होते. एक दिसली की दुसरी दिसत नाही. म्हणून मी ठरवलंय, माझ्या पोरींना तुझ्याकडे रंगाचा फवारा मारून घेऊ. हिचा चेहरा मेकअपवाली जरा उजळून वर आणेल. मधे कुठेतरी गाठ पडेल सगळ्यांची. आणि ड्रेस हा घे, दुधाच्या चहाच्या रंगाचा. फोटोत सगळ्या एकसारख्या येतील."

हे सगळं ती प्रेमाने बोलत होती. जेवणाच्या टेबलावर कुणाला कुठे बसवायचं ते ठरवावं तसं. रागाने बोलली असती तर मला एवढी शिसारी आली नसती.

"चालेल की," केझिया म्हणाली. "मला काय, कुठलाही चालेल."

खोटं बोलत होती. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. बहीण गेली तेव्हा केझिया एवढीशी होती, तेव्हापासून माझ्याकडेच वाढली. शाळा सुटली की दुकानात यायची आणि माझ्या कापायच्या टेबलाखाली बसायची. पांढऱ्या रेशमाचे तुकडे डोक्यावर घेऊन टेबलाच्या पायाशी लग्न लावायची. "आंटी, मला अस्साच पाहिजे," म्हणायची. आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासते, चारचौघांत ताठ मानेने वावरते. पण ग्लेनिसच्या मिचवर जीव जडला, आणि त्याच्या आईपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायला लागली. माझ्या पणज्याला त्याच्या बेटावरून गलबतात घालून ऊस तोडायला आणलं, ते अशाच एका गोऱ्या घराच्या शेतात. त्या घराची सून व्हायचं म्हणजे पोरीला वाटत असणार, की आपण पाय नीट पुसूनच आत गेलं पाहिजे.

मी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि चहाच्या रंगाच्या कापडाचं ठाण आणायला उठले. उठताना सवयीने हातमोजे सारखे केले.

या हातमोज्यांचं सांगते. मी दुकानात लागले तेव्हा शेरलची आई मालकीण होती. पहिल्याच दिवशी तिने मला पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड दिला. "गिऱ्हाइकासमोर घालत जा ग. पांढरं कापड नाजूक असतं," म्हणाली. माझ्या शेजारच्या मशीनवर मॉरीन बसायची. तिची बोटं सिगारेटने पिवळी झाली होती, राखेचा वास यायचा. तिला हातमोजे नव्हते. मला त्या वेळी नोकरी हवी होती. अख्खा झगा मागच्या खोलीत उघड्या हातांनी शिवायचा, एकेक मणी उघड्या बोटांनी लावायचा, आणि बाहेर आणताना हातमोजे चढवायचे. जणू झगा झाडाला लागला आणि मी फक्त तोडून आणला. मालकीण गेली, मॉरीन गेली. शेरलने कधी घाल म्हटलं नाही आणि काढ असंही म्हटलं नाही. मी ते रोज रात्री धुते, सकाळी घालते.

मागच्या खोलीचं म्हणाल तर तिला आता निम्मी जागा उरली आहे. बाकीच्या निम्म्यात प्लॅस्टिकचे पडदे लावून शेरलने फवाऱ्याचं खोपटं केलंय. लग्नाआधी अंगावर तपकिरी रंग मारून घ्यायची इकडे पद्धतच आहे. पोरी कागदी चड्डी घालून, हात पसरून, डोळे मिटून आत उभ्या राहतात आणि शेरल त्यांना पुढून मागून फवारते. माझा नवरा नोएल म्हणतो, उसावर औषध मारतात ते यापेक्षा जपून मारतात. त्या रंगाचा वास ओल लागलेल्या बिस्किटांसारखा येतो, दिवसभर शिवणात बसतो. टॉवेल मी धुते. पहिलं पाणी गटारासारखं निघतं.

मला त्या वासाची किळस येते. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्याचीच येते. शाळेत माझ्या बाकावर बसायला नको म्हणणाऱ्या पोरींच्या नाती आता माझ्या रंगाच्या व्हायला रांग लावून उभ्या असतात. आठवडाभर तो रंग मिरवतात आणि मग घासून काढतात. बरं, कुणी वाईट नसतं त्यांच्यात. "डॉर्कस, तुझं बरं आहे, तुला फुकटात मिळालाय," असं त्या मला हसत हसत सांगतात, आणि मी टाचणी त्यांच्या कंबरेला न टोचता कापडातच टोचते.

चहाच्या रंगाचा झगा मी शिवला. पुढच्या रविवारी चर्चहून आल्यावर केझियाला घरी अंगावर चढवायला दिला. नोएल स्वयंपाकघरात नारळाच्या दुधात रताळी शिजवत होता. केझिया दारात येऊन उभी राहिली तसं त्याने मान वळवून पाहिलं.

"झगा आला," तो म्हणाला. "नवरी कुठाय?"

केझिया हसली. मग आरशासमोर गेली आणि हसू गेलं. नोएलने थट्टा केली होती, पण त्यात काही खोटं नव्हतं. कापडाचा रंग आणि तिच्या गळ्याचा रंग एकमेकांत असे मिसळले होते, की गळा कुठे संपतो आणि झगा कुठे सुरू होतो कळत नव्हतं. एवढी देखणी पोर, पण त्या कापडात पार विझून गेली होती.

"आंटी, खरं सांग. कसा दिसतोय?"

"शिलाई चांगली झालीये."

"मी शिलाईचं नाही विचारलं."

मी पाठीमागे बसून बटणं लावत राहिले. मला पुष्कळ बोलायचं होतं. पण लग्न तिचं, सासू तिची, आणि माझ्या तोंडून एकदा निघायला लागलं की थांबत नाही.

"त्या वाईट मनाने नाही ग म्हणाल्या," केझिया म्हणाली.

"नाहीच मुळी. तेच तर."

"मिच म्हणतो, आईला दुखवू नको. एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मग?"

"एका दिवसाचा असता तर मी घातला असता ग," ती म्हणाली. "पण आज चेहरा वर आणायचा, उद्या पोरं झाली की ती कुणावर गेली ते मोजायचं. मी बघते ना, त्यांच्या घरात सगळे माझ्याशी किती जपून बोलतात. काचेचं भांडं उचलतात तसं." मग तिने पाठीमागे हात नेला आणि मी लावलेली बटणं स्वतःच सोडवायला लागली. "तुझ्याकडे पांढरं कापड आहे?"

होतं. कधीपासून घेऊन ठेवलं होतं ते विचारू नका. कपाटाच्या वरच्या फळीवर, निळ्या कागदात गुंडाळलेलं. नोएल स्टूल घेऊन आपणहून चढला आणि काढून दिलं. तोवर रताळी करपली.

दुकानातलं काम उरकून मी घरी तो झगा शिवला. लग्नाच्या आठवड्यात शेवटची ट्रायल होती. ग्लेनिस आपल्या टोपीचा डबा घेऊन आली, पडदा सरकवला, आणि तिथेच थांबली. केझिया स्टुलावर उभी होती, शुभ्र पांढऱ्यात. मी खाली, नेहमीसारखी, घेरापाशी.

"हे असं ठरलं नव्हतं," ग्लेनिस म्हणाली.

"मी ठरवलं," केझिया म्हणाली. "आणि माझ्या चेहऱ्याला पण काही वरखाली करायचं नाही."

आवाज स्थिर होता. मी घेर सारखा करायच्या निमित्ताने तिचा घोटा धरून ठेवला.

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. "डॉर्कस, हे तुझं काम."

"काम माझंच आहे," मी म्हटलं. "शिलाई बघायची असेल तर बघा तुम्ही."

तिने शिलाई बघितली नाही. टोपीचा डबा खाली ठेवला, बसली, नाक शिंकरलं. मला वाटलं आता लग्नच मोडतंय. केझियालाही तसंच वाटलं असावं, कारण तिचा घोटा माझ्या हातात दगडासारखा झाला होता. पण ग्लेनिस भांडणारी बाई नाही. ती व्यवस्था करणारी बाई आहे.

"मग आता आम्हालाच काहीतरी करायला हवं," ती शेरलला म्हणाली. "आम्हा तिघींना एक हात जास्त मार. हिच्या शेजारी आम्ही मढ्यासारख्या दिसू, दुसरं काय."

गुरुवारी तिघी येऊन फवारून गेल्या. धंद्यातल्या कुणालाही विचारा, हा रंग लग्नाच्या दोन दिवस आधी मारायचा, मग अंघोळ करायची, आणि त्यानंतरच पांढऱ्या कापडाच्या जवळ जायचं. शेरल प्रत्येक पोरीला हे बजावते. पण शनिवारी, लग्नाच्या दिवशी सकाळी, ग्लेनिसला आरशात रंग फिका वाटला. तिने शेरलला घरी बोलावून घेतलं आणि वरून आणखी एक हात मारून घेतला. शेरलने नको म्हणून पाहिलं म्हणे. मार्च महिना, आमच्याकडचा पावसाळा नुकताच सरलेला, हवा अशी की उभ्या जागी पाठ भिजावी. तोडणी सुरू झाली की मिचला मशीनवरून उतरायची सवड नाही, म्हणून लग्न आत्ताच उरकायचं होतं.

आमचं चर्च लाकडी आहे, बाजूला एक छोटी खोली आहे. तिथे मी केझियाची शेवटची आवराआवर केली. मी हातमोजे घातले होते. ते मला तेव्हा जाणवलंही नाही, केझियानेही काही म्हटलं नाही. झगा मात्र मी तिला घरीच चढवून पाठीवरची बटणं उघड्या हातांनी लावली होती, कारण ती वाटाण्याएवढी, कापडाने मढवलेली, आणि हातमोज्यांत चिमटीत येत नाहीत.

दार उघडून ग्लेनिस आली, मागून टेगन आणि ब्रॉन्टे. तिघी ताज्या भाजलेल्या पावासारख्या दिसत होत्या. ग्लेनिस हाताने गळ्याचा घाम निपटत होती. तिने केझियाकडे पाहिलं आणि हात गळ्यावरच राहिला.

"अग बाई," ती म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, मी बघितलं. "किती सुंदर दिसतेस. तुझी आई असायला हवी होती ग आज."

पुढे झाली आणि केझियाला मिठीत घेतलं. घट्ट, दोन्ही हात पाठीवर पसरून. केझियाने डोळे मिटून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. त्या क्षणी मला ग्लेनिस जवळची वाटली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, झालं, पार पडलं सगळं.

मग टेगन म्हणाली, "आई. हे काय झालं?"

पांढऱ्या रेशमावर, पाठीच्या मधोमध, दोन पंजे उमटले होते. पाची बोटं वेगवेगळी. तपकिरी.

केझियाला मागचं दिसत नव्हतं, ती एकेकीचे चेहरे बघत होती. ग्लेनिस ते डाग बघत होती. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"डॉर्कस," ती हळू, समजूतदार आवाजात म्हणाली, "हात धुतले होतेस ना ग?"

मला राग आला असता तर बरं झालं असतं. नाकात तो बिस्किटांचा वास भरला फक्त. इतक्या वर्षांचं काम, इतके झगे, आणि कापडावर तपकिरी डाग दिसल्याबरोबर बाईची नजर कुणाच्या हातांकडे जाते, तर माझ्या. तिने ठरवून नाही बघितलं. मान आपोआप वळली.

मी दोन्ही हात वर करून दाखवले. रात्री धुऊन वाळवलेले हातमोजे, पांढरे स्वच्छ.

मग माझ्या हातांकडे कुणी बघेना. ग्लेनिसने आपले तळवे उलटे केले. घामाने गळ्यावरचा, दंडावरचा रंग उतरून तिच्या हातांवर आला होता. हातावरच्या रेघान् रेघा भरल्या होत्या.

"काय झालंय?" केझिया म्हणाली. "कुणी सांगणार आहे का मला?"

"ग्लेनिसच्या हातांचा रंग लागलाय तुझ्या पाठीवर," मी म्हटलं. "दोन्ही पंजे."

टेगन ओला रुमाल घेऊन पुढे आली. "पाणी लावू नको, पसरेल," मी म्हटलं, आणि ती जागच्या जागी थांबली.

"निघेल?" केझियाने विचारलं.

"आत्ता नाही. घरी नेऊन बघावं लागेल."

बाहेर ऑर्गन सुरू झाला. केझियाने एक मोठा श्वास घेतला. मला वाटलं आता रडते की काय. ती रडली नाही.

"मग राहू दे," ती म्हणाली. "ज्याला दिसेल त्याला दिसेल." मग मान किंचित वाकवून म्हणाली, "आंटी, वरचं बटण सुटलंय बघ. लाव ना."

मिठीत सुटलं होतं. मी चिमटीत धरायला गेले, निसटलं. परत धरलं, परत निसटलं.

"हातमोजे काढ ग," केझिया म्हणाली. "कशाला घालतेस ते?"

मी काढले. बटण कडीत गेलं. मग मी उघडा तळवा तिच्या मानेपासून कंबरेपर्यंत, त्या दोन पंजांच्या मधून, सावकाश फिरवला. रेशीम गार होतं. तयार झग्याला, गिऱ्हाइकाच्या अंगावर असताना, सगळ्यांच्या देखत मी असा हात कधी लावला नव्हता. डाग पडला नाही. पडणार कुठून.

ग्लेनिस भिंतीपाशी उभी होती. तिचा ड्रेस फिकट निळा, म्हणून दोन्ही हात अंगापासून दूर धरले होते. "मिचच्या कोटाला फूल लावायचं राहिलंय," ती म्हणाली, कुणाला असं नाही. "पांढरा शर्ट घातलाय त्याने."

मी हातमोजे तिच्यापुढे धरले. तिला मी आजवर तुम्हीच म्हणत आले होते.

"हे घाल, ग्लेनिस."

तिने माझ्याकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, आणि घेतले. बोटांतल्या अंगठ्यांमुळे तिला ते घट्ट झाले. एकेक बोट ओढून ओढून चढवावं लागलं. टेगन मदतीला आली तर तिने मानेनेच नको म्हटलं.

केझियाच्या एका बाजूला नोएल आणि दुसऱ्या बाजूला मी, असे आम्ही आत गेलो. दोन्हीकडचे लोक उठून उभे राहिले. आधी सगळ्यांना तिचा चेहरा दिसत होता, मग आम्ही पुढे गेल्यावर पाठ. मागे कुजबुज झाली, मिटली. केझिया वळली नाही. मिच तिच्याकडे बघत होता, तोंड थोडं उघडं टाकून, आणि त्याला तिच्या पाठीवरचं काही ठाऊक नव्हतं.

पाद्री बोलायला लागले तेव्हा मी पहिल्या बाकाकडे पाहिलं. मिचला फूल लावून ग्लेनिस जागेवर येऊन बसली होती. माझे हातमोजे घातलेले हात तिने मांडीवर उताणे ठेवले होते, ड्रेसला लागू नयेत, बाकाला लागू नयेत असे. दुकानात लागले तेव्हा पहिली काही वर्षं मीही तशीच बसायचे.